रिकामा रकाना आणि शून्य

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात. घरातलं, गाडीतलं, मी काम करते त्या लॅबमधलं, सगळी घड्याळं बदलतात. एका कागदावरची वेळ मात्र बदलायची नसते. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरच्या कड्यावर बसून आम्ही उत्तरेकडे परतणारे ससाणे, गरुड आणि गिधाडं तासातासाने मोजतो. त्या तक्त्यावर वसंतातही हिवाळ्याचीच वेळ चालते. दहा ते अकराचा तास दरवर्षी तोच राहिला पाहिजे, नाहीतर एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. पक्ष्यांना आपली घड्याळं ठाऊक नसतात, त्यांना ऊन कळतं.

२००८ च्या मार्चमध्ये कुणीतरी मला हा नियम सांगितला, तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. त्यानंतर बुधवार आणि शनिवार धरून मी कितीतरी वसंत त्या कड्यावर काढले. या कामाने मला जे शिकवलं त्याचं बीज त्या एका नियमात होतं, असं आता वाटतं.

कडा तसा लहान आहे. वॉचुंग नावाच्या डोंगराच्या पहिल्या रांगेची ही धार, जुन्या दगडखाणीच्या माथ्यावर. उंची पाचशे फुटांच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने टेकडीच. समोर पूर्वेला मॅनहॅटनच्या इमारती दिसतात. न्यू जर्सी ऑड्युबॉन या संस्थेची ही जागा, आणि १९५७ पासून इथे शिकारी पक्षी मोजले जातात. मी पहिल्यांदा पायऱ्या चढून वर गेले तेव्हा आभाळाआधी पायाखालचा दगड बघून थांबले. काळा, घट्ट, कडेला पायरीपायरीने तुटलेला. हा दगड माझ्या ओळखीचा होता. वाईजवळच्या आमच्या गावामागचा डोंगर याच जातीचा, बेसॉल्टचा. वॉचुंगचा लाव्हा वीस कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनचा साडेसहा कोटींचा. पण भूगर्भशास्त्रात दोन्हींना ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळ उत्तर युरोपातल्या ‘पायरी’ या शब्दात आहे. परक्या देशात इतकी वर्षं काढल्यावर मी त्या दिवशी ओळखीच्या जमिनीवर बसले.

आभाळाकडे बघत बसायची सवयही जुनीच. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की मी माळ्यावर बसून राखण करायचे. हातात गोफण, नजर पाखरांच्या थव्यावर. त्याच्याही वर घारी आणि गिधाडं फिरत असायची. त्यांच्याकडून पिकाला भय नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे लक्ष द्यायचं कारण नव्हतं.

कड्यावर पहिल्या दिवशी मला काही म्हणजे काही दिसलं नाही. शेजारची माणसं ‘त्या पाण्याच्या टाकीच्या दोन बोटं वर’, ‘त्या ढगाच्या डाव्या टोकापाशी’ असं दाखवत होती आणि मला तिथे नुसतं आभाळ दिसत होतं. दुपारपर्यंत मान अवघडली. तिथे वर्षानुवर्षं येणारे एक सत्तरीचे गृहस्थ होते. ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, पक्षी शोधू नकोस, आधी नजर लांब टेकव. निळं मोकळं आभाळ सगळ्यांत फसवं. त्यात डोळ्याला धरायला काही नसतं, मग डोळा आपोआप जवळच्या अंतरावर येऊन थांबतो आणि लांबचा ठिपका समोर असून दिसत नाही. म्हणून आधी दूरचा ढग किंवा क्षितिजावरची इमारत बघायची, आणि नजर तशीच ठेवून आभाळात आणायची. दुर्बिणीने आभाळ झाडून काढायचं, अंगण झाडतात तसं, एका पट्ट्याला दुसरा पट्टा लागून.

तसं केलं आणि एक ठिपका सापडला. पंख किंचित वर उचललेले, डावीउजवीकडे डुलत, तोल सावरत चाललेला. जवळ आला तसं त्याचं लहानसं बोडकं डोकं दिसलं आणि माझ्या तोंडून मोठ्याने मराठीतच निघालं, “गिधाड!” इथलं टर्की व्हल्चर आपल्या गिधाडाच्या कुळातलं नाही, पण मला तेव्हा तेवढं कुठे कळत होतं! माझे डोळे भरून आले. आसपासच्या लोकांना वाटलं, नवशिकी आहे, आनंद झाला असेल. कारण वेगळं होतं, ते पुढे सांगते.

ओळख पटायला दोन वसंत गेले. पुस्तकात पिसांचे रंग दिलेले असतात, पण कड्यावर दिसते ती काळी आकृती आणि तिची चाल. बाल्ड ईगल पंख फळीसारखे सपाट धरतो आणि सावकाश, जड पंख मारतो. मासे खाणारा ऑस्प्रे पंख मनगटात मोडून धरतो, खालून बघितलं तर इंग्रजी ‘एम’ अक्षर. शार्प-शिन्ड हॉक म्हणजे आपल्या शिक्र्यासारखा चणीने लहान. तीनचार वेळा भराभर पंख मारतो, मग तरंगतो, पुन्हा पंख मारतो. आपण गावाकडच्या माणसाला लांबून बांधावरून येताना चालीवरून ओळखतो, तसंच हे. चेहरा दिसायच्या आधी माणूस कळलेला असतो.

वाराही शिकावा लागला. शरदात थंडीची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा पक्ष्यांना दक्षिणेकडे ढकलतो आणि मोठे लोंढे जातात. वसंतात उलट. दक्षिणेचा, नैर्ऋत्येचा ऊबदार वारा सुटला की पक्षी निघतात, पण विखरून, रुंद पट्ट्यातून. म्हणून वसंतातले आकडे इथे शरदापेक्षा लहान असतात आणि बघायला येणारी माणसंही थोडी. पण वसंतात येतात ते हिवाळा पार करून वाचलेले पक्षी, आणि त्यातले बरेचसे घरटं करायला निघालेले असतात. मार्चमध्ये गरुड आणि रेड-शोल्डर्ड हॉक, एप्रिलमध्ये ऑस्प्रे, आणि एप्रिलच्या विसाव्या तारखेच्या आगेमागे ब्रॉड-विंग्ड हॉक.

या ब्रॉडविंगसाठी मी रजा राखून ठेवते. वजन साधारणपणे अर्ध्या किलोच्या आत. हिवाळा मध्य आणि दक्षिण अमेरिकेत काढतो आणि हजारो किलोमीटर परत येतो, तोही जमेल तितके पंख न मारता. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचा खांब वर चढतो. पक्षी त्यात शिरतो, गोलगोल फिरत वर जातो आणि माथ्यावरून पुढच्या खांबाकडे घसरत निघतो. एक वर चढताना दिसला की दुसरे तिथे धावतात. अशा गोल फिरणाऱ्या घोळक्याला इथले लोक केटल म्हणतात. मी भोवरा म्हणते. नदीतला भोवरा खाली ओढतो, हा वर नेतो.

एका एप्रिलमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास, असा एक भोवरा अगदी कड्यावर आला. नुसत्या डोळ्यांना शेपटीवरचे काळेपांढरे पट्टे दिसत होते. ऊन पंखांतून आरपार येत होतं आणि पंखांची काळी कडा कुणी पेनाने ओढल्यासारखी स्पष्ट होती. सगळे एकाच दिशेने फिरत होते, एकमेकांना न धडकता, आणि आवाज अजिबात नव्हता. मी क्लिकर दाबत सुटले. संध्याकाळी तक्त्यावर मी त्या तासात १४३ लिहिले. ते वृद्ध गृहस्थ तक्ता वाचून एवढंच म्हणाले, “यातले निघताना किती मोजलेस?”

मला उत्तर देता आलं नाही. मी भोवरा फिरत असताना मोजला होता, म्हणजे एकच पक्षी दोनदा, कदाचित तीनदा. भोवऱ्यात मोजायचं नसतं. पक्षी माथ्यावर पोचून एकामागे एक ओळीने बाहेर पडतात, ती ओळ मोजायची. शेजारी बसलेल्या दुसऱ्या एकाने ओळ मोजली होती. त्याचा आकडा होता ६१. मी १४३ खोडून ६१ लिहिले. हात जड झाला होता. मला त्या दिवसाचा आनंद इतका झाला होता की आकडाही तेवढाच मोठा हवा होता. आनंद खरा होता, आकडा खोटा होता. मोजणाऱ्याने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात, हे मी त्या खाडाखोडीतून शिकले.

आमच्या तक्त्यावर एक रकाना ‘अनोळखी शिकारी पक्षी’ असा आहे. सुरुवातीला मला तो वापरायची लाज वाटायची. उंचावरून गेलेल्या ठिपक्याला काहीतरी नाव देऊन टाकावं असं वाटे. खरं तर माझ्या पोटापाण्याच्या कामात हे मला पक्कं ठाऊक होतं. लॅबमध्ये रक्ताचा नमुना बिघडलेला आला तर आम्ही अंदाजाने आकडा टाकत नाही, नमुना परत मागवतो. कारण त्या आकड्यावर कुणाचं तरी औषध ठरणार असतं. कड्यावर तेच शहाणपण माझ्या हाताशी यायला वेळ लागला. एकदा मार्चमध्ये एक मोठा गडद पक्षी लांबून गेला. मला तो गोल्डन ईगल वाटला, म्हणजे आमच्याकडे क्वचित दिसणारा. वाटणं खूप प्रबळ होतं. पण डोकं दिसलं नव्हतं, पंखांखालचं पांढरं दिसलं नव्हतं. मी ‘अनोळखी गरुड’ लिहिलं. त्या नोंदीचं मला आजही समाधान वाटतं.

आता शून्याबद्दल.

तिसऱ्या की चौथ्या वसंतात मार्चचा एक आठवडा असा गेला की ईशान्येचा गार वारा, धुकं आणि मधूनच बर्फाची भुरभुर. बुधवारी मी एकटीच होते. नऊ ते दहा काही नाही. दहा ते अकरा काही नाही. बोटं बधिर झाली. दोनपर्यंत बसले आणि कागद घडी करून निघाले. कागदावर वारा, तापमान, ढग सगळं लिहिलेलं होतं, पक्ष्यांचे रकाने मात्र कोरे. लिहिण्यासारखं काही नव्हतं, अशी माझी समजूत. मोजणीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी मला फोन केला. “तू काल गेली होतीस का?” म्हणाल्या. मी म्हटलं, हो, पाच तास बसले होते. त्या म्हणाल्या, “मग शून्य लिही. कोरा रकाना म्हणजे कुणी बघितलं नाही. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.”

हे बोलणं माझ्या मनात खोल गेलं, कारण ते ऐकताना मला आमचं गाव दिसत होतं.

आमच्या गावात ओढ्यापलीकडे मेलेली गुरं टाकायची जागा होती. बैल पडला की दुसऱ्या दिवशी तिथे गिधाडांची झुंबड उडायची. दोन दिवसांत हाडं पांढरी व्हायची. १९९४ मध्ये मी लग्न होऊन इकडे आले. दहा वर्षांनी निवांत गावी गेले तेव्हा ओढ्यापलीकडे कुत्री होती, दुर्गंधी होती आणि आभाळ मोकळं होतं. मी वडिलांना विचारलं, “आबा, गिधाडं कुठं गेली?”

“होती की! ढीगभर होती.”

“पण गेली कधी?”

“ते काय सांगू बाळ? एक दिवस बघितलं तर नव्हती.”

मी गावात आणखी चारजणांना विचारलं. सगळ्यांनी ‘खूप होती’ म्हणून सांगितलं. खूप म्हणजे वीस की दोनशे? कुठल्या साली कमी झाली? कुणालाच सांगता येईना. मलाही येईना. मी तर रोज माळ्यावर बसायचे आणि ती माझ्या डोक्यावर फिरत असायची. एवढा मोठा पक्षी गावाच्या आभाळातून गेला आणि त्याच्या जाण्याची कुणाजवळ तारीख नव्हती.

हे सगळीकडे असंच झालं नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडं आणि त्यांची घरटी मोजून ठेवली होती. १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजली आणि घसरण कागदावर दिसली. त्यावरून शोध सुरू झाला. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आधीचा आकडा नसता तर ‘हल्ली कमी दिसतात’ एवढंच म्हणत लोक बसले असते, आमच्या गावासारखे.

अमेरिकेतही हीच गोष्ट त्याआधी घडून गेली होती. पेनसिल्व्हेनियात एका डोंगरधारेवर लोक मजेखातर जाणारे ससाणे गोळ्या घालून पाडत. १९३२ मध्ये रिचर्ड पॉ यांनी तिथे मेलेल्या पक्ष्यांच्या रांगा लावून फोटो काढले. ते पाहून रोझली एज या बाईंनी १९३४ मध्ये तो डोंगरच भाड्याने घेतला आणि मॉरिस ब्राउन यांना राखणीला बसवलं. आज तो हॉक माउंटन म्हणून ओळखला जातो. ब्राउन रोज मोजू लागले. तेव्हा त्या आकड्यांचं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. महायुद्धात ते नौदलात गेले, म्हणून १९४३ ते ४५ ही तीन वर्षं त्या मोजणीत कोरी आहेत. कोरी, शून्य नव्हेत. पुढे रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात तेच आकडे मांडले. १९३५ ते ३९ या काळात दिसलेल्या बाल्ड ईगलांपैकी ४० टक्के त्या वर्षीची पिल्लं होती; १९५५ ते ५९ मध्ये २० टक्केच. मोठे गरुड दिसत होते, म्हणून सगळं ठीक वाटत होतं, पण मागून पिल्लं येईनाशी झाली होती. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होत आणि उबवताना फुटत, हे पुढे सिद्ध झालं. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली.

न्यू जर्सीत एक काळ असा होता की सगळ्या राज्यात बाल्ड ईगलचं एकच घरटं उरलं होतं. आज दोनशेच्या वर आहेत. मी कड्यावर जाऊ लागले त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, हा गरुड देशाच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला होता. पांढऱ्या डोक्याचा प्रौढ गरुड आला की बघायला आलेली मुलं टाळ्या वाजवतात. मी मात्र तपकिरी, मळकट, पांढरे डाग पडलेल्या पिल्लाची वाट बघते. त्याचं डोकं पांढरं व्हायला चारपाच वर्षं लागणार असतात. तो वेडावाकडा, वाऱ्यात सावरत जातो आणि मी त्याला वेगळ्या रकान्यात लिहिते. कार्सनबाईंना जे दिसेनासं झालं होतं, ते माझ्या पेन्सिलीखाली येतं.

आबा धान्य मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन. दर मार्चमध्ये मोसमातला पहिला पक्षी आला की मीही मनात ‘लाभ’ म्हणते आणि कागदावर एक लिहिते. शेजारचे लोक मी काय पुटपुटते म्हणून विचारत. आता त्यांच्यातल्या दोघीतिघी तसंच म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यात दोष निघाला. शस्त्रक्रिया झाली, पण लांबचा ठिपका आता पूर्वीसारखा सापडत नाही. तो वसंत मला जड गेला. तरुण मुलं ‘तो बघा’ म्हणत आणि मी पुन्हा पहिल्या दिवसासारखी मोकळ्या आभाळाकडे बघत राही. कड्यावर येणं सोडावं, असंही मनात आलं. मग मी तक्ता हातात घेतला. आता मी लिहिते. मुलं बघतात आणि ओरडून सांगतात, मी विचारते, “निघताना मोजलेस? डोकं दिसलं?” माझे शिक्षक आज नाहीत, पण त्यांचा प्रश्न कड्यावर अजून रोज विचारला जातो.

गावी माझा भाचा शेती बघतो. त्याला मी दुर्बीण पाठवली होती. या वर्षी मार्चमध्ये मी त्याला म्हटलं, डोंगरावर जाऊन महिन्यातून एक सकाळ बस आणि वहीत लिही. पहिल्या वेळी त्याचा फोन आला, “आत्या, घारी दिसल्या. गिधाड काही दिसलं नाही, म्हणून ते पान कोरंच ठेवलंय.”

“कोरं नको ठेवू रे. तू बघितलंस ना? मग तसं लिही.”

संध्याकाळी त्याने पानाचा फोटो पाठवला. सकाळी आठ ते नऊ, वारा पश्चिमेचा, आकाश निरभ्र. घारी चार. कापशी एक. गिधाड शून्य.

ते शून्य मी कितीतरी वेळ बघत बसले. आमच्या गावच्या आभाळातल्या गिधाडांचा तो पहिला लिहिलेला आकडा होता. त्या रकान्यात कधीतरी पहिलं गिधाड लिहायची वेळ आलीच, तर तोंडाने काय म्हणायचं, ते मी त्याला सांगून ठेवलं आहे.